दफ्तरीनं परत सांगितलेलं कलम

कायदा सुधारणाऱ्या शहाण्या माणसांच्या खोलीत एक साधा माणूस बसवायचाच, असा जजबाईंचा नियम होता. तो साधा माणूस म्हणजे दफ्तरी.

तसं त्याचं खरं काम निराळं. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कायदे सुधारणाऱ्या समितीचं ऑफिस होतं. जुने झालेले, ठिगळं लागलेले, एकमेकांच्या पायात पाय घालणारे कायदे तिथे यायचे. समिती ते उसवायची, धुवायची, नव्यानं लिहायची आणि मंजुरीसाठी पुढे सभागृहात पाठवायची. पाठवण्याआधी सगळे कागद रचून, दाभणानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून त्यांची पुठ्ठ्याची वही करायची, हे दफ्तरीचं काम. कोपऱ्यात त्याचं टेबल. त्यावर खळीचा डबा, दाभण, कातर आणि कागद दाबायला एक जुना लोखंडी ठोकळा. शिक्षण सातवीपर्यंत. वाचायचा, पण एकेका शब्दाला बोट लावून, बाजारात भाजी निवडल्यासारखं.

समितीत चौघं. जजबाई सगळ्यांत वरच्या. तीस वर्षं न्यायाधीश म्हणून बसून निवृत्त झालेल्या, आवाज बारीक पण कातरीसारखा. दुसरे प्रोफेसर, कायदा शिकवणारे. त्यांना किती वाजले विचारलं तर ते घड्याळाचा इतिहास सांगत. तिसरे वकीलसाहेब, कोर्टात मुरलेले. चौथी मसुदेवाली, वयानं सगळ्यांत लहान. बाकीचे तिघं भांडायचे आणि त्या भांडणातून जे निघेल ते ती कागदावर उतरवायची. त्या कागदाला मसुदा म्हणायचं. मसुदा एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर फिरायचा आणि जो तो आपल्या रंगाची चिठ्ठी त्यावर डकवायचा. प्रोफेसरांची पिवळी, वकीलसाहेबांची निळी, जजबाईंची हिरवी. चार फेऱ्या झाल्या की कागद लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागायचा.

वकीलसाहेबांची एक तऱ्हा होती. वाक्य लिहून झालं की ते खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "आता मी लबाड. मला या वाक्यातून निसटायचंय." आणि निसटून दाखवायचे. मग प्रोफेसर ते भोक बुजवायचे, साहेब दुसरं शोधायचे. सगळी भोकं बुजली असं वाटलं की जजबाई चष्मा काढून म्हणायच्या, "दफ्तरींना बोलवा."

दफ्तरी हाताची खळ पुसत यायचा आणि टेबलाच्या टोकाला बसायचा. मसुदेवाली कलम मोठ्यानं वाचायची. मग ते दफ्तरीनं आपल्या भाषेत परत सांगायचं. त्याच्या सांगण्यात चूक निघाली तर ती त्याची नाही, कलमाची. जजबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्हाला कळलं नाही तर नापास आम्ही. तुम्ही नाही."

पाळीव जनावरांच्या कायद्याच्या वेळची गोष्ट त्या ऑफिसात अजून सांगतात. 'जो जनावरास नियमितपणे अन्न देतो तो त्याचा मालक समजावा', असं कलम होतं. त्यावर चौघांनी तीन महिने डोकं शिणवलं होतं. दफ्तरीनं ऐकलं आणि सांगितलं, "म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची मालकीण आमची बायको. ती रोज सकाळी त्यांना शिळंपाकं घालते. आता ते ज्याला चावतील त्याचं औषधपाणी आम्ही करायचं."

प्रोफेसर कळवळून म्हणाले, "तसा अर्थ नाही हो त्याचा!"

"नसेल सर. मला निघाला तो सांगितला."

जजबाईंनी हिरवी चिठ्ठी लावली आणि कलम पुन्हा धुवायला गेलं. प्रोफेसर दोन दिवस दफ्तरीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. कुत्र्यांना नमस्कार सांगा."

या कामाला आणखी एक नियम होता. कलमात ऐकणाऱ्याचं स्वतःचं काही अडकलं असेल तर त्यानं आधीच सांगायचं आणि उठून जायचं. दुसऱ्या कुणाला बसवायचं. अकरा वर्षांत दफ्तरीवर ती वेळ आली नव्हती. त्याचं कुठे काय अडकणार? घर भाड्याचं, बायको एक, मूलबाळ नाही.

नाही म्हणजे, पोटचं नाही.

त्याच्या घराखाली एक शिंपी राहायचा. त्याची बायको गेली तेव्हा पोर आठ महिन्यांची. दिवसभर मशीनवर वाकलेला माणूस पोर ठेवणार कुठे? ती दफ्तरीच्या घरात रांगायला शिकली, त्याच्या खळीच्या डब्यात हात घालून बोलायला शिकली. पुढे शिंप्याच्या छातीनं दगा दिला. हॉस्पिटलच्या खाटेवर त्यानं दफ्तरीचा हात धरला आणि म्हणाला, "पोरीला बघा." बाकी काही बोलायला त्याच्याजवळ वेळ उरला नव्हता.

पोर तेव्हा पाचाची होती, आता नवाची. सगळे तिला टिटवी म्हणायचे, कारण सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं. दफ्तरीला ती आबा म्हणायची, त्याच्या बायकोला माई. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' अशी रेघ असायची, तिथे दफ्तरी चार वर्षं सही करत आला. कुणी हटकलं नाही.

हटकलं ते मोठ्या शाळेत नाव घालताना तिथल्या मुख्याध्यापिकेनं. "तुम्ही हिचे कोण?"

"आबा."

"ते झालं. कागदावर कोण?"

कागदावर कोणीच नव्हता. म्हणून दफ्तरी भोळेपणानं कोर्टात अर्ज करायला गेला, आणि कागद मागता मागता पोरच हातची जायची वेळ आली. कारण अर्ज आला की कोर्ट रक्ताच्या नातेवाइकांना नोटीस धाडतं. टिटवीचा एक चुलता होता, दोन दिवसांच्या प्रवासावर. इतक्या वर्षांत त्याचं साधं पत्र नव्हतं. आता आलं: भावाची मुलगी माझी आहे, मला द्यावी. आणि जुना कायदा चुलत्याच्या बाजूचा. रक्ताचा माणूस हजर असताना शेजाऱ्याचं ऐकायचंच नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

"शेजारी!" बायको घरी येऊन भांड्यांवर राग काढत म्हणाली. "कांजिण्या हिनं कुणाच्या मांडीवर काढल्या? कायद्याच्या?"

"अगं हळू. पोर ऐकेल."

"ऐकू दे. अहो, तुम्ही रोज कायदे शिवता, एवढा एक उसवता येत नाही?"

पण कोर्टातले न्यायाधीश भले माणूस निघाले. म्हणाले, पालकत्वाचा कायदा बदलायचा चाललाय असं ऐकतो, तोवर थांबू. मुलगी आहे तिथे राहू दे. त्यांनी लांबची तारीख दिली.

आणि तो कायदा बदलायचा कुठे चालला होता? दफ्तरीच्याच तिसऱ्या मजल्यावर. दोन महिन्यांपूर्वीच त्याचा पहिला मसुदा फिरायला लागला होता.

त्याच दिवशी त्यानं जजबाईंना जाऊन सांगायला हवं होतं. पाय दोनदा दारापर्यंत गेलेही. पण सांगितलं तर आपल्याला उठवतील, मग आत काय चाललंय ते कळणार नाही, या भीतीनं तो गप्प बसला. कोर्टाच्या कामासाठी रजा मागताना 'डोळे दाखवायला जातो' म्हणायचा. इतक्यांदा म्हणाला की जजबाईंनी स्वतःच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. तो खिशात घालताना दफ्तरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही महिन्यांनी ऐकायचा दिवस आला. एकवीस कलमं होती. मसुदेवाली वाचत गेली, दफ्तरी सांगत गेला. मुख्य कलम आलं: 'ज्या व्यक्तीने बालकाचा किमान दोन वर्षे प्रत्यक्ष सांभाळ केला आहे, तिच्या दाव्याचा विचार केवळ रक्ताच्या नात्यावर आधारलेल्या दाव्याच्या आधी व्हावा, आणि बालक समजत्या वयाचे असल्यास त्याचे म्हणणे ऐकावे.'

दफ्तरीच्या कानात गार वारा शिरल्यासारखं झालं. आवाज ताब्यात ठेवून त्यानं सांगितलं, "ज्यानं पोर वाढवलं त्याचं आधी ऐकायचं. रक्ताचा माणूस रांगेत त्याच्या मागे. पोराला विचारायचं. आणि जी पोरं आत्ताच दुसऱ्याच्या घरी वाढतायत, त्यांनाही हेच लागू."

प्रोफेसरांनी मान हलवली. वकीलसाहेबांनी मान हलवली. मसुदेवालीनं पुढचं पान उलटलं. जजबाईंनी वहीत लिहिलं, 'ऐकले, बरोबर'.

त्या संध्याकाळी दफ्तरी घरी गेला तो शेवटची गाडी पकडायची असल्यासारखा धावत. बायको दारातच म्हणाली, "काय झालं? नोकरी गेली का?"

"टिटवी राहिली," तो म्हणाला. "नव्या कायद्यात राहिली. मी माझ्या कानांनी ऐकलं."

 बायकोनं लगेच काहीतरी गोड केलं, आणि टिटवीनं ते खाताखाता शाळेतल्या एका भांडणाची अशी लांबण लावली की दोघांनाही त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तरी दोघं ऐकत राहिले.

चार दिवसांनी पक्की प्रत शिवायला आली. दुसऱ्या दिवशी ती सभागृहाकडे जायची होती. दफ्तरीनं पानं जुळवली, ठोकळ्यानं दाबली, आणि सवयीनं शेवटचं पान बघायला मागून अंगठा घातला.

प्रत्येक कायद्याच्या शेवटी एक पान असतं. दफ्तरी त्याला 'जुन्याचं पान' म्हणायचा. नवा कायदा यायच्या आधी जे घडून गेलंय, जे अर्ध्यावर आहे, त्याला नवा कायदा लावायचा की जुना, ते त्या पानावर लिहितात. लिहिलं नाही तर जुन्याला जुनाच कायदा लागतो. हे जजबाईंच्या तोंडून त्यानं शंभरदा ऐकलं होतं. अकरा वर्षांत ते पान नाही अशी एकही वही त्यानं शिवली नव्हती.

या वहीत ते नव्हतं.

त्यानं पानं मोजली. पुन्हा मोजली. दुसऱ्या प्रतीत बघितलं, तिसऱ्या प्रतीत बघितलं. मग एकेका शब्दाला बोट लावत एकविसाव्या कलमापर्यंत वाचत आला. आधीपासून दुसऱ्याच्या घरी असलेल्या पोरांबद्दल एक अवाक्षर नाही.  मग परत सांगताना आपण ते कुठून सांगितलं? मसुदेवालीनं तर ते वाचलंच नव्हतं. ते आपल्याच मनातून आलं होतं. आपल्याला हवं होतं म्हणून ऐकू आलं, आणि चौघांनी माना हलवल्या.

म्हणजे हा कायदा उद्याच्या पोरांचा झाला. टिटवीला जुनाच कायदा लागणार. चुलत्याचा.

दफ्तरी पाणी प्यायला, आणि प्रत उचलून जजबाईंच्या खोलीत गेला. चौघंही तिथेच होते, शेवटची प्रत गेली म्हणून चहा चालला होता.

"बाई, शेवटचं पान राहिलंय. जुन्याचं."

"शक्य नाही," प्रोफेसर म्हणाले. "ते तिसऱ्या कलमात घेतलंय."

"छे, ते शेवटी आहे," वकीलसाहेब म्हणाले.

मसुदेवालीनं प्रत ओढून घेतली. तिसरं कलम बघितलं, शेवट बघितला. तिचा चेहरा कागदाहून पांढरा झाला. "नाहीये," ती म्हणाली. "कुठेच नाहीये."

चहाचे कप खाली ठेवले गेले. प्रोफेसर म्हणाले, "दफ्तरीबुवा, वाचवलंत आम्हाला!" वकीलसाहेब हसायला लागले. दफ्तरीचा जीव अर्धा भांड्यात पडला. तो वळणार, तेवढ्यात जजबाई त्यांच्या बारीक आवाजात म्हणाल्या, "थांबा. त्या दिवशी तुम्ही परत सांगितलंत, की आधीच्या मुलांनाही हेच लागू. हिनं ते वाचलंच नव्हतं. मग तुम्ही ते आणलंत कुठून?"

तीस वर्षं साक्षीदार बघितलेली बाई. तिच्यापुढे दुसरं काही बोलता येणार नाही, हे दफ्तरीला कळलं. आणि खरं सांगायचं तर, सहा महिने पोटात धरलेलं ओझं कुणीतरी उतरव म्हणाल्यावर माणूस नाही कशाला म्हणेल? त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शिंपी, टिटवी, चुलता, कोर्टाची तारीख. डोळ्यांच्या डॉक्टरांचंही सांगितलं.

"डोळे ठीक आहेत म्हणजे," जजबाई म्हणाल्या.

"हो बाई."

"कान बिघडलेत."

"हो बाई."

 जजबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आता हे पान घातलं की उद्या कुणीही म्हणेल, समितीनं आपल्या माणसासाठी कायदा वाकवला. तो चुलता म्हणेल. आणि त्याचं चुकणार नाही. मग पानही जाईल आणि अख्ख्या कायद्याची अब्रूही."

दफ्तरीच्या डोळ्यांपुढे टिटवीची पेटी भरलेली दिसायला लागली. 

मसुदेवाली मात्र उठून कपाटाशी गेली होती. ती पोरगी कधी एक कागद टाकायची नाही. तिनं पहिला मसुदा काढला आणि टेबलावर उघडला. शेवटी बाविसावं कलम होतं: आधीपासून सांभाळात असलेल्या बालकांनाही हा कायदा लागू राहील. त्यावर पिवळी चिठ्ठी: 'हे शेवटी शोभत नाही, तिसऱ्या कलमातच ठेवावे.' मग तिनं तिसरं कलम उघडलं. तिथेही तीच ओळ होती, आणि तिच्यावर निळी चिठ्ठी: 'इथे गोंधळ होतो, शेवटीच ठेवावे.'

"दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी आल्या," मसुदेवाली रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी दोघांचंही ऐकलं. दोन्हीकडची ओळ काढली."

सगळे त्या दोन चिठ्ठ्यांवर वाकले. मग वकीलसाहेबांना जे हसू फुटलं ते आवरेचना. प्रोफेसरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. "म्हणजे तुम्ही तिकडून हाकललंत," ते म्हणाले, "आणि मी इकडून."

"आणि त्या दिवशी सगळ्यांनी माना हलवल्या," साहेब डोळे टिपत म्हणाले. "मला वाटलं तुमच्या कलमात आहे."

"मला वाटलं तुमच्या."

"आणि माझ्या वहीत मी 'बरोबर' लिहिलं," जजबाई म्हणाल्या. त्यांनी मसुद्यावरची तारीख बघितली. "तुम्ही कोर्टात अर्ज केला कधी?"

दफ्तरीनं तारीख सांगितली. पाठ होती. नोटिशीची, उत्तराची, सुनावणीची, सगळ्या पाठ होत्या. मसुदा त्याच्या अर्जाच्या अकरा दिवस आधीचा निघाला.

जजबाईंनी खुर्चीत पाठ टेकली. त्या दिवसातली ती पहिलीच वेळ. "पान तुमच्यासाठी घातलेलं नाही. ते पहिल्यापासून होतं, आणि आम्ही चौघांनी मिळून ते हरवलं. पण तुमचं ऐकणं मी खोडतेय. तुम्हाला पुन्हा या कायद्याजवळ फिरकायचं नाही. आणि हे सगळं मी वहीत जसंच्या तसं लिहिणार आहे, तुमचं लपवणं आणि आमचं हरवणं, दोन्ही. चालेल?"

"चालेल बाई," दफ्तरी म्हणाला. त्याला हे इतकं चाललं, की त्यानं जाताना चुकून सगळ्यांचे चहाचे कप उचलून नेले, प्रोफेसरांच्या अर्ध्या चहासकट.

प्रत एक दिवस उशिरा जाईल असं सभागृहाकडे कळवलं. दुसऱ्या दिवशी ऐकायला लिफ्टवाल्याला बसवलं. हा लिफ्टवाला म्हणजे वल्ली. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी दहापासून तो आत, लिफ्ट बंद, आणि अख्ख्या इमारतीतली माणसं जिन्यानं धापा टाकत, समितीच्या नावानं बोटं मोडत. दफ्तरी बाहेर बाकावर बसला होता. आतून आवाज चढायचा, उतरायचा, शब्द मात्र कळायचे नाहीत. पण आता जे होईल ते उघड्यावर होईल, एवढंच त्याला पुरत होतं.

दुपारी लिफ्टवाला बाहेर आला, कपाळ पुसत. "काय रे बाबा हे काम! यापेक्षा दोरीनं लिफ्ट ओढेन. अकरा वर्षं कसं केलंस?"

"झालं का?"

"कुठलं होतंय. मी शेवटच्या पानावर त्यांना अडकवून आलोय. आधीपासून सांभाळलेल्या पोरांनाही लागू, असं वाचलं त्यांनी. मी म्हटलं, म्हणजे मी कुणाचं पोर पळवून दोन वर्षं माळ्यावर लपवलं तर कायद्यानं ते माझं? उलट बक्षीस?"

 हे दफ्तरीला या जन्मात सुचलं नसतं. त्याला त्या ओळीत फक्त टिटवी दिसत होती. पोर पळवणारा माणूस कुठून दिसणार?

"मग?"

"मग काय, तो वकील उठला आणि माझा हात हातात घेतला त्यानं. म्हणाला, मी इतकी वर्षं लबाड होतोय, मला हे सुचलं नाही. आता चौघंही तुटून पडलेत त्या ओळीवर."

संध्याकाळपर्यंत ते भोक बुजलं. ज्यानं मूल उघडपणे, शेजारपाजाऱ्यांच्या आणि शाळेच्या डोळ्यांदेखत सांभाळलं, त्यालाच हा हक्क. पळवलेल्याला आणि लपवलेल्याला नाही. ही ओळ बाविसाव्या कलमात बसली. लिफ्टवाल्यानं ती परत सांगितली, जजबाईंनी वहीत लिहिलं, आणि मसुदेवालीनं दारातून डोकं बाहेर काढून दफ्तरीला म्हटलं, "जवळ फिरकायचं नाही म्हणाल्यात, पण शिवणार कोण? बाई म्हणतात, डोळे मिटून शिवा."

त्यानं डोळे उघडे ठेवूनच शिवली. नेहमीपेक्षा दोन टाके जास्तीचे घातले.

कायदा सभागृहात मंजूर व्हायला उन्हाळा गेला. कोर्टाची तारीख त्यानंतर आली. त्या दिवशी दफ्तरी पहिल्यांदाच 'कोर्टात जातो' असं सांगून रजेवर गेला.

चुलता आला होता. दोन दिवसांचा प्रवास अंगावर, हातात एक बाहुली, जी चार वर्षांच्या पोरीला शोभली असती. त्याच्या मनात भावाची पोर अजून तेवढीच होती. दफ्तरीनं त्याला वाईट माणूस म्हणून मनात कितीदा तरी रंगवला होता. प्रत्यक्षात तो शिंप्यासारखा दिसत होता, तसाच वाकलेला, आणि तसाच घसा खाकरत होता. बायकोच्याही ते लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "अहो, याला पाणी तरी विचारा."

न्यायाधीशांनी नवा कायदा उघडला, दफ्तरीच्या हातचीच वही होती ती, आणि टिटवीला जवळ बोलावलं. "या घरी तुला कसं वाटतं, सांग बघू."

टिटवीला एवढंच हवं होतं. "आबा घोरतात," तिनं सुरुवात केली. "माझ्या वह्या इतक्या घट्ट शिवतात की उघडतच नाहीत, बाईंनी दोनदा शिक्षा केली. मांजर आणू देत नाहीत. माई सगळ्या कुत्र्यांना खायला घालते पण मांजर नको म्हणते, हा काय न्याय आहे? आणि पेन्सिल हरवली तर अख्ख्या घराला शोधायला लावतात."

दफ्तरीनं डोळे मिटून घेतले. बायकोनं त्याचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

न्यायाधीश गंभीरपणे म्हणाले, "बऱ्याच तक्रारी आहेत. मग तुला काकांकडे राहायला जायचंय का?"

टिटवीनं कपाळाला आठ्या घातल्या. "का? मी तक्रार करतेय. जायचं कुठे म्हटलं?"

कोर्टातला कारकून खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. न्यायाधीशांनी खोकला काढला. आणि सगळ्यांत आधी हसला तो चुलता. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. "भाऊ लहानपणी असाच बोलायचा," तो म्हणाला. "साहेब, मला वाटत होतं पोर उघड्यावर आहे. म्हणून आलो मी. मला वर्षातून एकदा बघू द्या, बस्स."

निकाल तसाच झाला. टिटवी दफ्तरीकडे, चुलत्यानं वर्षातून एकदाच्या जागी दोनदा येऊन भेटायचं. कागदावर शिक्का बसला, आणि 'पालक' या शब्दापुढे दफ्तरीचं नाव आलं. तो शब्द त्यानं बोट लावून दोनदा वाचला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. चुलत्यानं बाहुली पुढे केली, टिटवीनं ती न्याहाळली आणि सरळ सांगितलं, "मी आता मोठी आहे. पण ठेवते." मग त्यानं कुठल्या इयत्तेत आहेस म्हणून विचारलं, आणि तिथेच फसला. ती इयत्तेपासून निघाली ती वर्गशिक्षिका, मैत्रीण, मैत्रिणीचं मांजर असं करत स्टँडच्या रस्त्याला लागली. चुलता पिशवी सांभाळत तिच्याबरोबर, मान डोलवत.

दफ्तरी मागून ओरडायला गेला, "अगं टिटवे, त्यांना गाडी गाठायचीय."

बायकोनं त्याला थांबवलं. "दुसरी गाडी असेल की. बोलू द्या तिला." आणि सकाळपासून उपाशी असलेली ती बाई कोर्टाच्या पायरीवर फतकल मारून बसली, डबा उघडला, आणि म्हणाली, "बसा. आधी आपण जेवून घेऊ."